षष्ठीतला पक्षी

षष्ठी शिकवताना मी फळ्यावर एका पक्ष्याचे शास्त्रीय नाव लिहितो: 'लिओसिक्ला बुगुनोरम'. अरुणाचलातील ईगलनेस्टच्या डोंगररानातला हा गाणारा पक्षी. डोक्यावर काळी टोपी, पंखांवर पिवळे-तांबडे पट्टे. पुण्याचे खगोलशास्त्रज्ञ रमणा आत्रेय यांनी २००६ मध्ये त्याची नवी जात म्हणून नोंद केली. एरवी अशा वेळी पक्षी मारून नमुना ठेवतात. इथे मोजकेच पक्षी दिसले होते, म्हणून जाळ्यात गळलेली पिसे ठेवून पक्षी सोडून दिला.

'ओरम' हा लॅटिन षष्ठीचा अनेकवचनी प्रत्यय, म्हणजे 'बुगुनांचा'. बुगुन ही तिथली जमात. विद्यार्थी मात्र 'बुगुन पक्षी' लिहितात. समासात प्रत्यय लोपतो, आणि माणसेही! मराठीत तर हा प्रत्यय पुढच्या नामाप्रमाणे बदलतो: बुगुनांचा पक्षी, बुगुनांची पिसे, बुगुनांचे रान. हे शेवटचे रान २०१७ मध्ये सामुदायिक राखीव क्षेत्र झाले.