चेंडू कुणाचा? – पहिल्या विश्वचषकाची गोष्ट



चेंडू ज्याचा, त्याचा हुकूम चालतो. मैदानावर हे आपण रोज पाहतो. मग दोन देशांच्या सामन्यात चेंडूवरून वाद झाला तर? असा वाद खरोखरच झाला होता, बरं का! १९३० साली, फुटबॉलच्या पहिल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात. त्याचीच ही गोष्ट.

यजमान देश

दक्षिण अमेरिकेच्या नकाशावर ब्राझील आणि अर्जेंटिना हे दोन मोठे देश शोधा. त्यांच्यामध्ये, समुद्राच्या कडेला, एक लहानसा देश दिसेल. तो उरुग्वे. माँटेव्हिडिओ ही त्याची राजधानी.

देश लहान, पण फुटबॉलमध्ये तरबेज. १९२४ साली पॅरिसला आणि १९२८ साली अ‍ॅमस्टरडॅमला ऑलिंपिकमध्ये फुटबॉलचे सुवर्णपदक उरुग्वेनेच जिंकले. १९२८ च्या अंतिम सामन्यात हरला तो शेजारचा अर्जेंटिना. तेव्हापासून दोघांची चुरस फारच वाढली.

१८ जुलै १८३० रोजी उरुग्वेची पहिली राज्यघटना अमलात आली. तिला शंभर वर्षे होणार म्हणून उरुग्वेने सांगितले, "पहिला विश्वचषक आमच्याकडे भरवा. पाहुण्या संघांचा जाण्यायेण्याचा आणि राहण्याचा खर्च आम्ही करू." फुटबॉलची जागतिक संघटना फिफा हिने ते मान्य केले.

पण पाहुणे येणार कसे? त्या काळी युरोपातून तिकडे जायचे म्हणजे बोटीने दोन आठवडे. जाऊन, खेळून परत यायला दोन महिने. एवढी रजा खेळाडूंना कोण देणार? शेवटी युरोपातून फ्रान्स, बेल्जियम, रुमानिया आणि युगोस्लाव्हिया हे चारच संघ आले. त्यांतले पहिले तीन 'कोंते वेर्दे' या एकाच बोटीतून आले. फिफाचे अध्यक्ष झ्यूल रिमे हेही चषक घेऊन त्याच बोटीत होते. अमेरिका खंडातले नऊ संघ धरून एकूण तेरा संघ जमले.

स्पर्धेसाठी सेंतेनारिओ, म्हणजे शताब्दीचे, नवे स्टेडियम बांधायला घेतले. पावसाने काम लांबले. १३ जुलैला स्पर्धा सुरू झाली तरी ते तयार नव्हते! पहिले सामने गावातल्या दुसऱ्या मैदानांवर झाले. १८ जुलैला, शताब्दीच्या दिवशी, स्टेडियम उघडले. त्या दिवशी उरुग्वेने पेरूला १-० असे हरवले. गोल केला हेक्टर कास्त्रोने. हे नाव लक्षात ठेवा.

दोन चेंडू, एक सामना

उपांत्य सामन्यात अर्जेंटिनाने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांना ६-१ असे हरवले. उरुग्वेनेही युगोस्लाव्हियाला ६-१ असेच हरवले. म्हणजे ३० जुलैला पुन्हा तेच दोन शेजारी समोरासमोर!

आणि वाद निघाला. अर्जेंटिना म्हणे, आमच्या चेंडूने खेळू. उरुग्वे म्हणे, आमच्या. त्या काळचे चेंडू चामड्याचे, वादीने आवळलेले असत. सगळे एकसारखे नसत. ज्याला ज्या चेंडूची सवय, त्याला तोच हवा.

मैदान उरुग्वेचे, प्रेक्षकही बहुतेक उरुग्वेचे. मग चेंडूही त्यांचाच असे ठरले का? नाही! पूर्वार्धात अर्जेंटिनाचा चेंडू आणि उत्तरार्धात उरुग्वेचा, असा तोडगा निघाला. दोघांनी तो मानला. पंच होते बेल्जियमचे लांगेनस.

१२ व्या मिनिटाला दोरादोने उरुग्वेचा पहिला गोल केला. अर्जेंटिनाच्या पेउसेयेने २० व्या मिनिटाला बरोबरी केली. ३७ व्या मिनिटाला स्ताबिलेने दुसरा गोल केला. तो ऑफसाइड होता, अशी तक्रार उरुग्वेचा कर्णधार नासासी याने केली. पण पंचांनी गोल दिला. मध्यंतराला यजमान २-१ असे मागे!

उत्तरार्धात सेआने बरोबरी साधली, मग इरिआर्तेने तिसरा गोल केला. अगदी शेवटी चौथा गोल झाला. तो कुणी केला? आपल्या हेक्टर कास्त्रोने. तेरा वर्षांचा असताना विजेच्या करवतीत सापडून त्याचा उजवा हात कोपराखाली तुटला होता. तरी त्याने खेळ सोडला नाही.

उरुग्वे ४, अर्जेंटिना २. दुसऱ्या दिवशी उरुग्वेभर सुट्टी जाहीर झाली.

विचार करा

कुणी म्हणेल, "हॅ! घरच्या मैदानावर कुणीही जिंकेल." घरच्या प्रेक्षकांचा आधार मिळतो हे खरं. पण उरुग्वेने त्याआधी पॅरिसला आणि अ‍ॅमस्टरडॅमलाही जिंकून दाखवले होते. आणि मैदान घरचे असूनही अर्धा सामना ते परक्या चेंडूने खेळले, न पटलेला गोल सोसला. म्हणून तर त्यांच्या विजयाला मोल आले.

हार पचवणे मात्र सगळ्यांना जमले नाही. अर्जेंटिनाच्या राजधानीत, ब्युनोस आयर्सला, चिडलेल्या लोकांनी उरुग्वेच्या वकिलातीवर दगड मारले. मैदानावरच्या बावीस जणांनी तोडगा मानला, पण मैदानाबाहेरच्यांना निकाल मानवला नाही. खेळाचे नियम पाहणाऱ्यांनीही पाळायचे असतात.

शब्दार्थ
यजमान – पाहुण्यांना बोलावणारा
पूर्वार्ध – पहिला अर्धा भाग
तोडगा – भांडण मिटवण्याचा मार्ग
वकिलात – परदेशातले आपल्या देशाचे कार्यालय

सांगा पाहू
१. उरुग्वेच्या दोन शेजारी देशांची नावे सांगा.
२. युरोपातून चारच संघ का आले?
३. मध्यंतरापर्यंत कोणत्या देशाचा चेंडू वापरला?
४. दोन्ही संघ आपापल्या चेंडूवर अडून बसले असते तर काय झाले असते? पाच ओळी लिहा.