हिवाळ्यातील एक दिवस लोणारच्या काठावर

आमच्या बीबीच्या परिसरातील मुलांस डोंगर पाहावयाचा म्हटला की सह्याद्रीची नावे आठवतात. गावाच्या चोहो बाजूंस सपाट काळी जमीन, तुरीची व हरभऱ्याची शेते, मधूनमधून मुरमाड माळ; यांत चढण्यासारखे ते काय, असे त्यांस वाटते. परंतु ज्या लोणार तालुक्यात आपले गाव आहे, त्याच तालुक्यात असे एक स्थळ आहे की जेथे डोंगर चढून नव्हे, तर जमिनीच्या पोटात उतरून अरण्य पाहावे लागते. एका दिवसात पायी हिंडून परत येण्यास याहून सोयीची जागा आपल्या भागात आम्हांस तरी ठाऊक नाही. ही सहल हिवाळ्यात कशी करावी व त्या वाटेवर काय पाहावे, एवढ्यापुरताच हा लेख आहे.

प्रथम स्थळाचा आकार मनात पक्का बसविला पाहिजे. लोणारचे विवर जवळजवळ वर्तुळाकार असून त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. काठापासून तळापर्यंतची खोली १४० मीटरांच्या आसपास भरते. तळाशी सुमारे १.२ किलोमीटर व्यासाचे सरोवर आहे. काठ भोवतालच्या शेतांपेक्षा वीस-तीस मीटर उंच उचललेला आहे, त्यामुळे दुरून येणाऱ्यास तो एखाद्या बुटक्या टेकडीसारखाच भासतो. काठावर पाय ठेवीपर्यंत पुढे दरी आहे याची कल्पनाही येत नाही. परिघ काढण्याचे गणित इयत्ता सातवीच्या मुलासही येते: काठाचा फेरा साडेपाच-पावणेसहा किलोमीटर होतो. प्रत्यक्ष पायवाट घळी चुकवीत जाते, म्हणून चालणे त्याहून अधिक पडते.

आता वेळेचा हिशेब. स्कॉटलंडातील विल्यम नेस्मिथ या गिर्यारोहकाने १८९२ साली एक नियम सांगितला, तो आजही जगभर वापरला जातो: दर तीन मैलांस एक तास धरावा आणि दर दोन हजार फूट चढास आणखी एक तास मिळवावा. या नियमाने काठाचा फेरा व तळातून वर येणे मिळून दीड तासाचे काम ठरते. परंतु हा हिशेब धडधाकट पुरुषाचा, न थांबता चालणाऱ्याचा. चाळीस मुले, त्यांत कोणाची चप्पल तुटलेली, कोणाचे लक्ष मोराकडे. तेव्हा त्याची तिप्पट धरावी असे आमचे मत आहे, आणि भोजनाचा वेळ त्यावर निराळा.

हिवाळ्यात दिवस लहान असतो. डिसेंबरच्या अखेरीस आपल्याकडे सूर्य सातच्या थोडा आधी उगवतो व सहास दहा मिनिटे असता मावळतो. म्हणजे दिवस सुमारे ११ तासांचा. पण विवराच्या तळाशी असणाऱ्यास हे वेळापत्रक लागू पडत नाही. नैर्ऋत्येकडील पायथ्याशी उभ्या असलेल्या माणसाच्या माथ्यावर सुमारे तीनशे मीटर अंतरावर १४० मीटर उंचीची भिंत उभी असते. तिच्याआड सूर्य पावणेचारच्या सुमारासच जातो. पलीकडच्या पूर्व किनाऱ्यावर मात्र सव्वापाच वाजेपर्यंत ऊन असते. एकाच तळ्याच्या दोन काठांवर संध्याकाळ दीड तासाच्या अंतराने होते! झाडीत सावली पडली की दगडांची वाट दिसेनाशी होते, आणि दमलेल्या मुलांस नेमका तेव्हाच चढ चढावा लागतो.

म्हणूनच पुष्कळ मंडळी ज्या क्रमाने ही सहल करितात, तो क्रम आम्हांस पसंत नाही. ती सकाळी काठावर रमतगमत हिंडतात, बारास जेवतात आणि मग 'आता खाली जाऊन येऊ' म्हणतात. डोंगरावर थकवा येतो तो चढताना व आधी. परतीस उतार असतो. येथे सर्व उलटे आहे. आधी उतार मिळतो, म्हणून फसगत होते, आणि चढ शेवटी वाट पाहत बसलेला असतो. तेव्हा सकाळी आठाच्या सुमारास, वनखात्याची परवानगी व माहीतगार माणूस बरोबर घेऊन, आधी खाली उतरावे. बाराच्या आत वर यावे. जेवून दुपारी काठावर चालावे. दुपारी वरून पाहिले म्हणजे तीच सावली तळ्यावर घड्याळाच्या काट्यासारखी सरकताना दिसते, व तिची भीती न राहता मौज वाटते.

उतरताना मुलांनी भिंतीकडे पाहावे. काळ्या दगडाचे एकावर एक पाच-सहा थर दिसतात. हे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे प्रवाह होत. सारे दख्खनचे पठार त्यांचेच बनलेले आहे. काठाजवळ मात्र हे थर आडवे न राहता बाहेरच्या बाजूस उलथलेले आढळतात. घोंगडीखालून कोणी मूठ मारावी तसे. १८२३ साली जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली. पुढे कित्येक वर्षे हे ज्वालामुखीचे मुख असावे असे पुष्कळ विद्वान मानीत. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने निकाल लागला: येथील दगडांत मास्केलिनाइट नावाचा काचेसारखा पदार्थ सापडला, आणि तो अतिप्रचंड आघाताच्या दाबानेच बनतो. अर्थात आकाशातून आलेल्या पाषाणाने हा खड्डा पाडला. वयाविषयी पूर्वी पन्नास हजार वर्षे म्हणत. अलीकडील आर्गॉन पद्धतीच्या मापनाने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे निघते. 'बेसॉल्ट दगडातील जगातील एकमेव विवर' असे फलकांवर वाचावयास मिळते, ते मात्र अक्षरशः घेऊ नये. ब्राझील देशात व्हिस्टा अलेग्रे येथेही तसे विवर आहे. आपल्या गावचे कौतुक खऱ्यावर उभे असलेलेच बरे.

अरण्याचीही वलये आहेत. वरच्या काठास खुरटी झुडपे व वाळलेले गवत, उतारावर साग, खाली चिंच, कडुनिंब, बाभूळ, आणि पाण्याजवळ पांढरट क्षारांचा चिखल. धारेच्या ठिकाणी गोड्या पाण्याचा झरा बारमाही वाहतो, आणि थोड्या अंतरावरच सरोवराचे पाणी इतके क्षारयुक्त की जिभेवर ठेववत नाही. कारण सोपे आहे. पाणी आत येण्यास वाटा आहेत, बाहेर जाण्यास एकही नाही. वाफ होऊन पाणी जाते व क्षार मागे राहतात. जून २०२० मध्ये हेच पाणी गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे तो रंग आल्याचे सांगितले. त्याच वर्षी नोव्हेंबरात सरोवरास रामसर स्थळाचा मान मिळाला. आता अडचण वेगळीच उभी आहे: पाण्याची पातळी चढत असून २०२५ साली ती काठच्या कमळजादेवीच्या मंदिरापर्यंत पोहोचली. पूर्वी ज्या वाटेने मुले किनाऱ्यावरून फिरत, ती वाट आज आहेच असे समजून निघू नये. आदल्या दिवशी चौकशी करावी. गोडे पाणी असेच वाढत राहिले तर खारेपणा कमी होईल, आणि त्या खारेपणावरच जगणाऱ्या जीवांचे काय, हा प्रश्न विज्ञानाच्या तासाला अवश्य विचारावा.

पालकांच्या मनात येणारी भीती जनावरांची असते. मोर व वानरे पुष्कळ दिसतात, हिवाळ्यात चक्रवाकांसारखे पाहुणे पाण्यावर उतरतात. बिबट्या आहे, पण तो घोळक्यास टाळतो. (२०१९ साली टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ तेराशे किलोमीटर चालून आपल्याच जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात आला, चालण्याची हौस असावी ती अशी.) खरी काळजी घ्यावयाची ती लहान जीवांची. कड्यांवर व जुन्या देवळांच्या छतांस आग्यामोहोळ असते. तेथे दगड मारणे, धूर करणे, आरडाओरड करणे यांपैकी काहीही करू नये. फुरसे दगडाखाली बसते व घोणस हिवाळ्याच्या उन्हात वाटेवर पसरते, म्हणून न पाहता दगडावर हात टेकू नये. कोणास दंश झालाच तर जखम कापू नये, तोंडाने चोखू नये, करकचून बांधू नये; तो अवयव न हलविता मुलास उचलून तडक रुग्णालयात न्यावे. प्रतिसर्पविष तेथेच मिळते, मांत्रिकाजवळ नाही. सर्वांत मागे एका मोठ्या माणसाने चालावे, आणि मुलांची मोजणी उतरण्यापूर्वी, तळाशी व वर आल्यावर अशी तीन वेळा करावी.

बरोबर काय न्यावे? बंद बूट, कुसळांपासून बचाव होईल असे जाड कापडाचे पूर्ण कपडे, सकाळच्या गारठ्यासाठी स्वेटर, माणशी दोन लिटर पाणी, भाकरी, जवसाची चटणी, गूळ व शेंगदाणे. चूल पेटवू नये. डिसेंबरातील गवत ठिणगीची वाट पाहत असते. दगड खिशात घालू नयेत. मास्केलिनाइट सापडला तो अशाच दगडांत.

वहीत मात्र एक गोष्ट भरून आणावी. काठावर बसून, नैर्ऋत्येच्या पायथ्याशी सावली केव्हा पोहोचली ती वेळ मिनिटांसह टिपावी. मकरसंक्रांतीच्या सुमारास दुसरी तुकडी जाईल, तिनेही तीच वेळ टिपावी. ती सुमारे पंधरा-वीस मिनिटे पुढे गेलेली आढळेल. ती का, याचे उत्तर भूगोलाच्या वहीत आकृतीसह लिहावे.