दंड भरला म्हणजे सुटलो नाही

"कबूल कर, दंड भर आणि मोकळा हो. कशाला तारखा करत बसतोस?" तालुक्याच्या कोर्टाच्या आवारात हा सल्ला रोज कुणाला ना कुणाला मिळतो. माझ्या धाकट्या भावाला तो त्याच्या वकिलानेच दिला.

बांधावरून शेजाऱ्यांशी झोंबाझोंबी झाली होती. कलमं भारतीय दंड संहितेची ३२३, ५०४, ५०६. किरकोळ खटले निकाली काढण्याची मोहीम सुरू होती. वकिलाच्या सहायकाने आधीच टाइप केलेल्या पुरसीशीवर, म्हणजे कोर्टात द्यायच्या लेखी निवेदनावर, भावाची सही घेतली, पुकारा झाला, न्यायाधीशांनी विचारलं आणि याने मान हलवली. शिक्षा कोर्ट उठेपर्यंत कैद आणि थोडा दंड. केस मिटली म्हणून संध्याकाळी घरात पेढे आले.

पुढे पोलीस भरतीत तो मैदानी आणि लेखी दोन्ही परीक्षांत निघाला आणि चारित्र्य पडताळणीत अडला. अहवालात 'दोषसिद्ध' असा शेरा होता.

कबुली आणि तडजोड यांतला फरक त्या दिवशी घरात कुणालाच माहीत नव्हता. तो सांगणं हे वकिलाचं काम होतं. कबुली दिली की माणूस दोषी ठरतो, दंड कितीही किरकोळ असो. तडजोडीचं तसं नाही. ही तिन्ही कलमं फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२० प्रमाणे ज्याला त्रास झाला त्याच्या संमतीने मिटवता येणारी होती, आणि त्याच कलमात म्हटलं आहे की अशा तडजोडीचा परिणाम निर्दोष मुक्ततेचा असतो. शेजारचे तात्या मिटवायला केव्हाचे तयार होते. त्यांना कुणी विचारलंच नाही. कबुलीच द्यायची होती, तर १९५८ च्या अपराधी परिवीक्षा कायद्याचा लाभ मागता आला असता. त्या कायद्याखाली सोडलं, तर कलम १२ प्रमाणे दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही. तेही कुणी मागितलं नाही. याचा मला आजही संताप येतो.

आम्ही जिल्ह्याच्या ठिकाणी दुसऱ्या वकीलबाईंकडे गेलो. आमची सगळी कहाणी त्यांनी ऐकून घेतली आणि विचारलं, "नकला कुठे आहेत?" रोजनामा, पुरसीस, गुन्ह्याचा तपशील सांगितल्याची आणि कबुलीची नोंद, निकालपत्र या सगळ्यांच्या प्रमाणित प्रती आधी काढा, असं त्यांनी बजावलं. वाचणाऱ्यांनाही मी हेच सांगेन. वकील वाईट होता एवढं म्हणून वरचं न्यायालय निकाल फिरवत नाही. ते कागद बघतं.

कबुलीवर झालेल्या शिक्षेविरुद्ध सहसा अपील चालत नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३७५ ने ते शिक्षेचं प्रमाण आणि तिची कायदेशीरता एवढ्यापुरतंच ठेवलं आहे. आमच्यापुढे वाट होती ती सत्र न्यायालयात पुनरीक्षणाची, म्हणजे रिव्हिजनची. त्याला मुदत ९० दिवस. ती केव्हाच उलटली होती, म्हणून उशीर माफ करण्याचा वेगळा अर्ज द्यावा लागला. पडताळणीचं पत्र आलं तेव्हाच दोषसिद्धीचा अर्थ कळला, हे तारखेनिशी आणि त्या पत्रासकट मांडलं. अशी पत्रं, त्यांची पाकिटं, पोचपावत्या काहीही टाकू नका.

खरा मुद्दा नकलांत सापडला. कलम २५१ प्रमाणे आरोपीला गुन्ह्याचा तपशील सांगावा लागतो आणि कलम २५२ प्रमाणे कबुली शक्यतो त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावी लागते. आमच्या कागदावर छापील ओळ होती आणि खाली सही. भावाचा स्वतःचा एक शब्द नव्हता. त्याला विचाराल तर तो सांगेल, "मी सोडवायला गेलो होतो." याला कबुली कोण म्हणेल? जुन्या संहितेतल्या अशाच तरतुदीवर महंत कौसल्या दास विरुद्ध मद्रास राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की ही अट पाळणं बंधनकारक आहे. सौम्य शिक्षेच्या बोलीवर मिळवलेल्या कबुलीवरची दोषसिद्धी टिकत नाही, हे कासमभाई खटल्यात १९८० साली ठरलं. वकिलाच्या चुकीची झळ निरपराध अशिलाला लागू नये, असं रफीक विरुद्ध मुन्शीलाल या १९८१ च्या निकालात आहे. तो दिवाणी प्रकरणातला, तरी आमच्या वकीलबाईंनी तोही जोडला.

प्रतिज्ञापत्रात आधीच्या वकिलाबद्दल एकही विशेषण नव्हतं. काय समजावलं गेलं नाही, तडजोड का विचारली गेली नाही, एवढंच होतं. तात्यांनीही आपलं प्रतिज्ञापत्र दिलं. त्यांचे उपकार आम्ही विसरणार नाही. दोषसिद्धी रद्द झाली, खटला खाली परत आला, तिथे रीतसर तडजोड झाली आणि भाऊ निर्दोष सुटला. भरतीची यादी मात्र तोवर बंद झाली होती. ती जागा गेली ती गेलीच.

वकिलाविरुद्ध तक्रार करायची असेल तर ती १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टखाली महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे करतात. त्या तक्रारीने शिक्षा पुसली जात नाही, म्हणून आधी न्यायालय गाठा. पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीत असलेले यांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

१ जुलै २०२४ पासून कलमांचे आकडे बदलले आहेत. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तडजोड कलम ३५९ मध्ये आहे, तपशील आणि कबुली २७४-२७५ मध्ये, अपिलावरची मर्यादा ४१६ मध्ये आणि पुनरीक्षण ४३८ मध्ये.

भाऊ आता पुन्हा अर्ज भरतो आहे. 'कधी गुन्हा दाखल झाला होता का?' या रकान्यात तो 'होय' लिहितो आणि सोबत दोन्ही निकालांच्या प्रती जोडतो. माहिती लपवणं स्वतंत्रपणे नडू शकतं, आणि खरी माहिती दिल्यावरही नेमणूक द्यायची की नाही हे ठरवायचा अधिकार खात्याकडे राहतो, हे अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली स्पष्ट केलं आहे. निर्णय त्यांचा असेल. आमच्याकडून कागद पुरे जातात.