धडधड एक, व्याधी दोन

छातीची धडधड, तळहातांना सुटणारा घाम आणि उडालेली झोप ही लक्षणे समान असली, तरी त्यांच्या मुळाशी असलेली व्याधी प्रत्येकाच्या ठायी एकच असते असे नाही, आणि मूळ न ओळखता केलेला उपचार कित्येकदा त्या व्याधीलाच बळकटी देतो, हे आमच्या घरात दोघांनी भोगले आहे. ज्यांच्यावर तसाच प्रसंग गुदरला असेल, त्यांच्या उपयोगी पडावे एवढ्याच हेतूने हा तपशील लिहीत आहे.

एके काळी खानदेशातील मेवासी संस्थानांपैकी एकाचे ठाणे असलेल्या, आणि आज राजवाडी होळीमुळे सर्वतोमुखी झालेल्या अक्कलकुवा तालुक्यातील काठी या गावी मी शिक्षक आहे. ग्रामसभेत शाळेचा अहवाल वाचण्याची पाळी आली, की आदल्या आठवड्यापासून माझे अन्नावरचे चित्त उडे. समोर बसणारी माणसे रोजच्या ओळखीची असूनही हातातला कागद थरथरू लागे, म्हणून तो टेबलावर ठेवून, मान वर न करता मी वाचीत असे. सभा आटोपताच धडधड ओसरे. मात्र आवाज कोठे कापला आणि तो कोणाच्या ध्यानात आला, याचा पंचनामा मन रात्री उशिरापर्यंत करीत राही. उलट होळीच्या रात्री, मोरपिसांचे टोप घातलेले आणि कमरेला दुधीभोपळे व घुंगरू बांधलेले बुध्या ढोलाच्या तालावर नाचत असताना, हजारोंच्या त्या गर्दीत पहाटे होळी पेटेपर्यंत मी निर्धास्त वावरत असे. मला भय होते ते आपली पारख करणाऱ्या नजरेचे. ज्या गर्दीत माझ्याकडे कोणी पाहत नसे, तिथे ते उरत नसे.

माझे थोरले बंधू ग्रामसभेत बेधडक बोलत. त्यांचा घोर निराळा होता. पाऊस वेळेवर येईल काय, सोसायटीचे कर्ज फिटेल काय, बैलाचा पाय बरा होईल काय, मुलीच्या पुढच्या शिक्षणाचे कसे होईल, अशी एक काळजी मिटली की दुसरी तिच्या जागी हजर होई. ओसरीवर एकटे बसले असतानाही त्यांचे खांदे आखडलेले असत, आणि क्षुल्लक कारणाने ते घरच्यांवर चिडत.

आम्ही ज्यांच्याकडे प्रथम गेलो, त्या वैद्यकीय व्यावसायिकाने दोघांनाही एकाच वाक्यात निकालात काढले: मनाला ताण झाला आहे, लोकांत फारसे मिसळू नका, विश्रांती घ्या, आणि ही झोपेची गोळी. रजेच्या काळात मला फार सुख वाटले, आणि घात झाला तो त्या सुखानेच; कारण टाळल्याने मिळणारी सुटका भयाला खरे ठरवते, आणि रुजू होण्याचा दिवस जवळ येताच ते दुणावून परत येते. बंधूंच्या काळज्यांना तर रिकामपणाने मोकळे रानच मिळाले, आणि गोळीवाचून झोप न येण्याची सवय मात्र अंगी जडली.

पुढे एका मनोविकारतज्ज्ञाने शांतपणे सारे ऐकून घेतले, तेव्हा उलगडा झाला: माझी व्याधी सामाजिक भयाची, बंधूंची सर्वसाधारण चिंताविकाराची. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 1980 साली आपल्या निदानसंहितेत सामाजिक भय आणि सर्वसाधारण चिंताविकार यांना पृथक् स्थान दिले. आज साधारणपणे सहा महिने वा अधिक काळ टिकलेला आणि दैनंदिन व्यवहारात अडथळा आणणारा त्रासच या सदरांत धरतात. वाचकाने स्वतःला विचारावे: लोकांची नजर दूर होताच भय उतरते काय? हसे होईल, फजिती होईल, हाच विचार मुळाशी आहे काय? की विषय बदलत राहतो आणि एकांतातही चिंता सुटत नाही? दोन्ही व्याधी एकत्र नांदू शकतात, म्हणून अंतिम निर्णय तज्ज्ञाचाच. तसेच धडधड आणि थकवा थायरॉईडच्या विकारानेही येतो, रक्तक्षयानेही येतो. आणि सिकलसेल आढळणाऱ्या आमच्या नंदुरबार जिल्ह्यात तर रक्ततपासणीवाचून सारा दोष मनावर टाकणे सर्वथा अनुचित होय.

माझा उपचार पायरीपायरीने झाला. आधी शिक्षकांच्या बैठकीत एकच प्रश्न विचारायचा, मग उभे राहून चार ओळी वाचायच्या, आणि शेवटी ग्रामसभेत कागद थरथरला तरी हातातच धरून, मान वर करून अहवाल पुरा करायचा. बंधूंनी सायंकाळची एक वेळ काळज्यांसाठी नेमून दिली. त्या काळज्या वहीत लिहून, हाती असलेल्या आणि हाती नसलेल्या अशा वेगळ्या करायच्या, आणि हाती असलेल्यांपैकी एकीवर दुसऱ्या दिवशी कृती करायची. त्यांना औषधही लागले. या विकारांवरील मुख्य औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात. झोपेची व गुंगीची गोळी दीर्घकाळ घेऊ नये, आणि सवय झाली असल्यास ती डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून एकाएकी बंदही करू नये.

दुर्गम पाड्यावरच्या माणसाला तज्ज्ञ लांब असतो, हे मी जाणतो. परंतु 2022 पासून सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य आणि मराठीतूनही सल्ला मिळतो. माझे वाचकांना कळकळीचे सांगणे इतकेच, की भय केव्हा येते, कोणापुढे येते आणि केव्हा जाते, हे आधी कागदावर लिहून ठेवा, तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा, आणि गोळी मागण्यापूर्वी निदान मागा.