एका तारेवर दोन घरे



तुमच्या घरचे इंटरनेट बंद पडले तर तुम्ही आधी काय करता? आमच्या घरी आधी भांडण झाले आणि मग बिघाड सापडला. खरे तर हे उलटे व्हायला पाहिजे होते. गुरुजी म्हणाले, "हे भित्तिपत्रकासाठी लिही. सगळ्यांच्या कामी येईल." म्हणून लिहीत आहे.

आमचे गाव अकोला जिल्ह्यात मूर्तिजापूर तालुक्यात आहे. आमचे घर आणि मोठ्या बाबांचे घर शेजारी शेजारी आहे. मधात फक्त आंगण. चुली दोन, पण इंटरनेट एक. महिन्याचे पैसे अर्धे अर्धे.

इंटरनेट घरात कसे येते?

मोठ्या बाबांच्या घरी बाहेरून काचेची तार येते. तिच्या आतला काचेचा धागा केसासारखा बारीक असतो. त्यातून वीज जात नाही, उजेड जातो. त्या उजेडातूनच चित्रे, आवाज, अक्षरे येतात. तार एका डब्याला लागते. त्याला राऊटर म्हणतात. त्या राऊटरमधून एक साधी वायर आंगणावरून आमच्या घरच्या दुसऱ्या राऊटरला आणली आहे. आमचा कॉम्प्युटर आणि मोबाईल त्यावर चालतात.

भारतात सर्व लोकांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाले. तेव्हा माझे बाबा माझ्याएवढे होते. ग्रामपंचायतींपर्यंत काचेची तार नेण्याची योजना २०११ साली मंजूर झाली. तिला आता भारतनेट म्हणतात. आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, मेळघाटात हरिसाल नावाचे गाव आहे. ते २०१६ साली डिजिटल गाव म्हणून निवडले होते.

घरातले नंबर

पत्रावर जसा पत्ता लागतो, तसा प्रत्येक कॉम्प्युटरला आणि मोबाईलला नंबर लागतो. त्याचे चार भाग असतात आणि प्रत्येक भाग ० ते २५५ मधला असतो. असे सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी नंबर होतात. पण जगात माणसेच ८०० कोटींहून जास्त आहेत! मग पुरतील कसे? म्हणून आता लांब आकाराचे नवे नंबरही निघाले आहेत. जुन्या नंबरांची युक्ती अशी, की बाहेरच्या जगासाठी सगळ्या घराला मिळून एकच नंबर, आणि घरातल्या घरात वेगळे नंबर. घरातले नंबर बहुतेक १९२.१६८ ने सुरू होतात. तुमच्याही घरी तेच असतील. एका घराचा नंबर दुसऱ्या घराला अडत नाही, कारण ते घराबाहेर जात नाहीत.

हे नंबर राऊटर वाटतो. मोठ्या बाबांच्या राऊटरचा नंबर १९२.१६८.१.१ आहे. आमच्या राऊटरला दादाने १९२.१६८.१.२ दिला होता आणि त्याचे नंबर वाटणे बंद करून ठेवले होते.

आमच्या घरी काय झाले?

दिवाळीची साफसफाई सुरू होती. गुरुवारी संध्याकाळी मोबाईलवर आमच्या वायफायचे नावच दिसेना. बाबांनी राऊटरच्या खाली छापलेले नाव आणि पासवर्ड पाहून मोबाईल जोडला. पण त्यावर 'जोडले आहे, इंटरनेट नाही' असे आले.

शुक्रवारी आई मोठ्या बाबांकडे गेली, तर त्यांच्या राऊटरमधून आमची वायर काढलेली! आई घरी येऊन म्हणाली, "सोयाबीनचे पैसे आले नाहीत म्हून आपला अर्धा हिस्सा राह्यला. म्हून काय वायर काढून टाकाव?"

बाबा विचारायला गेले. मोठे बाबा म्हणाले, "तुमची वायर लावली का आमचंबी मधामधात बंद पडते. काढू नाही तं काय करू?"

बाबा काहीच न बोलता परत आले. त्या दिवशी मोठ्या मायने पाठवलेल्या चकल्या आईने झाकूनच ठेवल्या. मले फार वाईट वाटले. त्यात ताईच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख शनिवार होती.

दादाने बिघाड कसा शोधला?

शनिवारी दुपारी दादा आला. तो अकोल्याला आयटीआयमध्ये कॉम्प्युटर शिकतो. तो म्हणाला, "भांडता काहून? आधी पाहू तं द्या. एका टायमाले एकच गोष्ट तपासाची."

पहिले, बिघाड एकाच यंत्रात आहे की सगळ्यांत? आमचा कॉम्प्युटर बंद आणि मोबाईलही बंद. दोन्ही एकदम बिघडत नाहीत. म्हणजे कॉम्प्युटर ठीक.

दुसरे, दिवे पाहिले. मोठ्या बाबांच्या राऊटरवर लाल दिवा नव्हता. लाल दिवा लागला असता तर बाहेरून उजेड येत नाही असे समजायचे. म्हणजे बाहेरची तार ठीक.

तिसरे, मधली वायर. दादाने ती मोठ्या बाबांकडे परत लावली. आमच्याकडचे टोक आमच्या राऊटरमधून काढून सरळ कॉम्प्युटरला लावले. इंटरनेट सुरू! म्हणजे वायर ठीक आणि मोठ्या बाबांचा राऊटरही ठीक. आई तेव्हा खाली पाहत होती.

आता उरला फक्त आमचा राऊटर. दादाने वायर काढून कॉम्प्युटर त्याला एकट्याला जोडला आणि नंबर पाहिला. राऊटरचा नंबर १९२.१६८.१.१ निघाला! तो नंबरही वाटत होता.

म्हणजे दोन घरांत मिळून दोघेही म्हणत होते, "एक नंबर मीच." गावात एकाच पत्त्याची दोन घरे असली तर पोस्टमन काय करणार? तसेच झाले. ज्या मोबाईलला आमच्या राऊटरकडून नंबर मिळाला, तो इंटरनेट मागायला आमच्याच राऊटरकडे येई. त्याच्याकडे बाहेरची तारच नाही, तो देणार कोठून? म्हणून वायर लावली की मोठ्या बाबांचेही मधामधात बंद पडे आणि काढली की सुरू होई. मोठे बाबा खोटे बोलले नव्हते.

दादा म्हणाला, "राऊटर सगळं विसरला आहे. मागच्या बारीक भोकात कोणी काही घातलं काय?"

कोणीच बोलले नाही. मग मी सांगितले. गुरुवारी राऊटर पुसताना त्या भोकात माती दिसली. मी सेफ्टी पिन घालून ती खरवडत बसले होते. त्या भोकात एक बटन असते. ते थोडा वेळ दाबून धरले की राऊटर दुकानातून आणल्यासारखा कोरा होतो. मले हे माहीत नव्हते.

मला वाटले, आता मार बसणार. पण बाबा मला घेऊन मोठ्या बाबांकडे गेले आणि म्हणाले, "पोरीकडून झालं. आम्ही उगाच तुमच्यावर घेतलं." मोठे बाबा म्हणाले, "पोरीनं सांगितलं हे बरं केलं. मीबी विचारून वायर काढाले पाहिजे होती."

दादाने आमच्या राऊटरला पुन्हा २ नंबर दिला, नंबर वाटणे बंद केले आणि वायर लावली. रात्री नऊ वाजता ताईचा अर्ज भरला गेला. मग आईने चकल्यांचे झाकण काढले.

लक्षात ठेवा

१. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या तर बिघाड कशात होता ते कळत नाही.
२. आधी पाहा, बिघाड एका यंत्रात आहे की सगळ्यांत.
३. कॉम्प्युटरचा नंबर १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्याला कोणीच नंबर दिलेला नाही. वायर नीट बसली आहे का ते पाहा.
४. राऊटरचे नंबर कागदावर लिहून ठेवा. पासवर्ड मात्र भिंतीवर लिहू नका.
५. विजा चमकत असतील तर राऊटरजवळ जाऊ नका. ओल्या हाताने पिनला हात लावू नका. मोठ्यांना बोलवा.
६. बारीक भोकात सेफ्टी पिन घालू नका!

आणि शेवटचे. बिघाड सापडेपर्यंत कोणाचे नाव घेऊ नका. आमच्या घरी सगळे आंगणापलीकडे पाहत होते आणि सेफ्टी पिन माझ्याच फ्रॉकला होती.

— इयत्ता चौथीची एक विद्यार्थिनी