नदीकाठचा स्वस्त प्लॉट : बयाणा देण्यापूर्वी काय पाहावे?

आम्ही कापडवाले. तागा उघडून, पन्हा मोजून, किनार पाहूनच माल घेतो. पण घरासाठी जागा घेताना आपल्यातील पुष्कळ जण दलालाच्या शब्दावर आयुष्याची कमाई देऊन बसतात.

आमच्या दुकानातून अस्तर नेणाऱ्या एका शिंप्याने असेच केले. नदीकाठी एक गुंठा, म्हणजे 1089 चौरस फूट जागा, गावातील भावाच्या निम्म्यात मिळाली. शंभराच्या स्टॅम्पवर लिखापढी झाली. बांधकामाची परवानगी मागायला गेला तेव्हा कळले की जागा निळ्या रेषेच्या आत आहे. परवानगी नाही, बँकेचे कर्ज नाही, आणि विकावी तर गिऱ्हाईक नाही.

ही निळी रेषा काय आहे? जलसंपदा खाते नदीच्या काठाने दोन पूररेषा आखते. सरासरी 25 वर्षांतून एकदा येणारा पूर जेथवर पोहोचतो ती निळी, 100 वर्षांतून एकदा येणारा पोहोचतो ती लाल. राज्याच्या 2020 च्या एकत्रित विकास नियमावलीप्रमाणे निळ्या रेषेच्या आत नवे घर बांधता येत नाही. निळ्या व लाल रेषेच्या मध्ये बांधता येते. पण जोते लाल रेषेच्या पातळीहून 45 सेंटिमीटर उंच हवे. हा नियम उगाच केलेला नाही. 1872 साली पांझरेच्या पुराने धुळ्यात घरांचे मोठे नुकसान केले होते.

म्हणून बयाणा देण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्यात :

1. नगररचना विभागाकडून त्या गट नंबरचा झोन दाखला घ्यावा. जागा रहिवासी विभागात आहे की शेती वा हरित पट्ट्यात, ते त्यावरून कळते.

2. पूररेषेच्या नकाशावर तोच गट नंबर शोधावा.

3. मंजूर लेआउटची प्रत मागावी. 500 चौरस मीटरहून मोठ्या व आठांहून अधिक प्लॉटच्या नव्या लेआउटला महारेराचा नोंदणी क्रमांक लागतो.

4. खरेदीखत नोंदणीकृतच करावे. नुसत्या मुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये स्पष्ट केले आहे. मात्र रजिस्ट्री झाली म्हणजे बांधकामाची परवानगी मिळाली, असेही समजू नये.

“पुढे गुंठेवारीत नियमित होईल,” असे दलाल सांगतो. 2001 चा गुंठेवारी कायदा 2021 मध्ये वाढवला गेला, तो 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या कामांसाठी. त्या भरवशावर आज नवा प्लॉट घेणे म्हणजे स्वतःची रक्कम पाण्यात टाकणे.

दोष एकट्या गरिबाचा नाही. शासनाने 2013 मध्ये मोठ्या लेआउटमध्ये लहान घरांसाठी 20 टक्के हिस्सा ठेवण्याचा नियम केला, पण तो 10 लाखांवरील शहरांना. 2011 च्या जनगणनेत जळगावची वस्ती 4 लाख 60 हजार, धुळ्याची 3 लाख 75 हजार. म्हणजे आपला यंत्रमाग कामगार आणि शिंपी त्या नियमाबाहेरच राहिला. परवडणारी रीतसर जागा मिळाली नाही, की माणूस नदीकडे सरकतो.

तेव्हा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध होईल त्या वेळी व्यापारी व कारागीर मंडळींनी मुदतीत लेखी सूचना द्याव्यात : उंचावरच्या जमिनीत अर्ध्या-एक गुंठ्याच्या मंजूर प्लॉटांसाठी जागा राखा. नदीची जागा नदीला राहू द्या. आणि तोवर, कापडाइतकीच जमीनही पारखून घ्या.