चोराच्या टेबलावर कोण कोण बसतं?

सिनेमा म्हटलं की आपल्या हॉस्टेलमध्ये दोनच प्रश्न विचारतात : फायटिंग आहे का, आणि स्टोरी काय? आज ज्या सिनेमाबद्दल लिहितोय त्याची स्टोरी चार ओळींत संपते. पण तो समजायला मला तो तीनदा बघावा लागला.

सिनेमाचं नाव ‘द कुक, द थीफ, हिज वाइफ अँड हर लव्हर’, साल १९८९, दिग्दर्शक पीटर ग्रीनवे. हा ब्रिटिश माणूस मुळात चित्रकलेचं शिक्षण घेतलेला. (आधीच सांगतो, सिनेमा फक्त मोठ्यांसाठी आहे, आणि जेवता जेवता तर अजिबात बघू नका!)

स्टोरी

अल्बर्ट स्पिका हा गुंड रोज रात्री आपली गँग आणि बायको जॉर्जिना यांना घेऊन एका महागड्या फ्रेंच रेस्टॉरंटमध्ये जेवायला येतो. तो बोलतच राहतो, शिव्या देतो, लोकांना मारतो. समोरच्या टेबलावर मायकेल नावाचा एक माणूस पुस्तक वाचत मुकाट्याने जेवत असतो. जॉर्जिना आणि मायकेल यांचं प्रेम जमतं आणि रिचर्ड हा कुक त्यांना लपायला जागा देतो. पुढे अल्बर्टला कळतं. तो मायकेलला त्याच्याच पुस्तकाची पानं घशात कोंबून मारतो. मग जॉर्जिनाचा सूड.

रंगांचं गणित

बाहेरचं पार्किंग निळं, किचन हिरवं, जेवणाचा हॉल लालभडक, टॉयलेट पांढरंशुभ्र. जॉर्जिना हॉलमधून टॉयलेटमध्ये जाते तेव्हा तिचा लाल ड्रेस दारातच पांढरा होतो! कॉम्प्युटरची करामत नाही. तोच ड्रेस वेगवेगळ्या रंगांत शिवलेला. कपडे झाँ पॉल गोतिए यांचे. कॅमेरा भिंतींच्या आरपार आडवा सरकतो, अगदी आपल्या ड्रॉइंगच्या तासाला काढतो त्या सेक्शनल व्ह्यूसारखा. मला याचा अर्थ असा लागला की इथे माणसाचा रंग त्याचा स्वतःचा नसतो, ज्या खोलीत तो उभा आहे तिचा असतो. लाल खोली अल्बर्टची. तिथे सगळेच लाल.

भिंतीवरचं चित्र

हॉलमध्ये एक भलंमोठं चित्र आहे : डच चित्रकार फ्रान्स हाल्स याचं १६१६ सालचं, लष्करी अधिकाऱ्यांच्या मेजवानीचं. अल्बर्टची गँग अंगावर तसेच पट्टे घालून त्याच चित्राखाली बसते. चित्रातले लोक शहराचे रक्षक, खाली बसलेले शहराचे लुटारू, पण बसण्याचा थाट एकच. सिनेमा आला तेव्हा ब्रिटनमध्ये मार्गारेट थॅचर यांचं सरकार होतं (१९७९ ते १९९०). त्या काळातल्या हावरटपणावरची ही टीका आहे, असं अनेक समीक्षकांनी लिहिलंय.

सूड

किचनमध्ये भांडी घासणारा एक लहान मुलगा सारखा एक प्रार्थना गातो. माझी शाळा कॉन्व्हेंटची, म्हणून ती लगेच ओळखू आली. बायबलमधलं ५१ वं स्तोत्र, पाप धुऊन टाक अशी देवाची विनवणी. अल्बर्ट या मुलालाही सोडत नाही. शेवटी जॉर्जिना कुककडे एक भयंकर मागणी करते : मायकेलला शिजव. मग अल्बर्टने छळलेली माणसं मिरवणुकीने ते ताट त्याच्यासमोर आणतात. मागे मायकेल नायमन यांचं ‘मेमोरियल’ वाजतं. १९८५ साली ब्रुसेल्सच्या हेसेल स्टेडियममध्ये ३९ माणसं मेली, त्यांच्या स्मरणार्थ केलेली ही रचना. जॉर्जिना पिस्तूल रोखून अल्बर्टला घास घ्यायला लावते, आणि मग गोळी झाडते. आयुष्यभर माणसं खाणाऱ्याला तिने फक्त ते उघड उघड करायला लावलं.

मग आपण काय शिकायचं?

पहिल्यांदा बघताना मी अल्बर्टकडेच बघत होतो. मायकेल गॅम्बन यांनी कामच तसं केलंय. तिसऱ्यांदा मात्र टेबलावरच्या बाकीच्यांकडे बघितलं. ते हसतात. भीतीने, सवयीने, फुकटच्या जेवणासाठी. अल्बर्टला ताकद कुठून मिळते? याच हसण्यातून. हसणारे उठून गेले तर त्याच्याकडे उरेल फक्त मोठा आवाज.

हे बघताना मला फर्स्ट इयरची एक रात्र आठवली. एका मुलाला उभं करून त्याच्या इंग्लिशची टर उडवली जात होती. माझं इंग्लिश चांगलं, म्हणून मी सुरक्षित होतो. मीपण हसलो. त्याला मी अजून सॉरी म्हटलेलं नाही. हा अंक छापून येईपर्यंत म्हणायचं ठरवलंय.

तुम्ही सिनेमा बघाल तेव्हा कॅमेऱ्याच्या मागे मागे जाऊ नका. टेबलावर आपली खुर्ची कुठली, तेवढं शोधा.